ड्रायरमधून निथळणारे कपडे

भंडारा जिल्ह्यात रोवणीचा पाऊस लागला की आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत तेव्हा घराघरांतून व्हरांड्यात दोऱ्या बांधल्या जातात. इथले धुणेही जड. स्फोटकांच्या कामात कृत्रिम धाग्यावर स्थिर विद्युत साठणे धोक्याचे, म्हणून अंगावर सुती कपडे हवेत, आणि जाड सूत पाणी सहजासहजी सोडत नाही. अशा दिवसांत सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ड्रायरमधून कपडे निथळतच बाहेर आले, तर दोन दिवसांत त्यांना कुबट वास धरतो.

शेजारच्या काकूंच्या मशीनचे तसेच झाले होते. मेकॅनिक आला तेव्हा त्याचे काम पाहायला मी मुद्दाम थांबलो.

"मोटर गेली असन न भाऊ?" काकूंनी विचारले.

"थांबा ना काकू, आधी पाणी कुठं अडून राहिलं ते पाहू," तो म्हणाला. हत्यारांची पिशवी त्याने दाराशीच ठेवली.

ड्रायर कपडे पिळत नाही, पाणी बाहेर फेकतो. आतली बारीक छिद्रांची टाकी मिनिटाला साधारण १३०० फेरे घेते, कपडे कडेला दाबले जातात आणि पाणी छिद्रांतून निघून जाते. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग निम्मा झाला की जोर पावच उरतो. म्हणूनच टाकी फिरताना दिसत असूनही कपडे ओले राहू शकतात. वेग कोण खातो आहे, एवढेच शोधायचे असते.

त्याने आधी ड्रेन पाईप धरला. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पाणी बहुधा उतारानेच जाते, ते ढकलायला पंप नसतो. काकूंच्या पाईपचे टोक न्हाणीच्या उंबऱ्यावर चढवलेले होते. त्याने ते खाली सोडताच आत साचलेले पाणी भळभळून आले आणि मागोमाग कपड्यांच्या तुसांचा करडा गोळा. इतके दिवस टाकीचा तळ त्या पाण्यातच फिरत होता. अनेक फुल्ली ऑटोमॅटिक मशीनमध्ये पाणी पंप बाहेर टाकतो. तिथे पंप पाहावा लागतो, आणि फ्रंट लोड असेल तर खालच्या बाजूचे फिल्टरही. त्यात नाणी आणि केसांच्या पिना हमखास सापडतात.

मग कपडे. भिजलेली चादर एका बाजूला गोळा झाली की टाकी थडथडते आणि पुरता वेग घेत नाही. त्याने ती मोकळी करून कडेने सारखी पसरली आणि वरून झाकणी दाबून बसवली.

तरी फिरताना बारीक घासल्याचा आवाज येतच होता. त्याने कान झाकणाजवळ नेला, प्लग काढला आणि मग कुठे पिशवी उघडली. या मशीनमध्ये झाकण लावले की एक तार ओढली जाऊन ब्रेक सुटतो. तार सैल पडली की ब्रेक अर्धवटच सुटतो आणि मोटर त्याच्याशी झगडत राहते. झाकण लावलेले ठेवून त्याने मागच्या बाजूने हाताने चाक फिरवले. ते अर्ध्या फेऱ्यातच अडले. तारेचा हूक त्याने एक भोक पुढे घेतला आणि पुन्हा फिरवले. या वेळी चाक कितीतरी वेळ फिरत राहिले. काकूंच्या घरचे दुखणे इथेच संपले.

इथेही संपले नसते, तर पुढे कंडेन्सर. मोटर नुसती गुणगुणते, वेग घेत नाही, तेव्हा संशय त्याच्यावर. प्लग काढल्यावरही त्यात वीज उरू शकते, म्हणून घरच्यांनी त्याला हात लावू नये. मोटरचा नंबर सगळ्यांत शेवटी.

मला मोलाचा वाटला तो हा क्रम. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी, महाग ते शेवटी. हा क्रम उलटा धरला की धडधाकट मोटर बदलली जाते, नाहीतर चांगली मशीन भंगारात जाते.

निघताना त्याने काकूंना सांगितले, "पुढच्या वेळी पाईप पाहा, कपडे सारखे करा, मशीन डुगडुगत तर नाही ना पाहा, मग फोन करा." या सल्ल्याने त्याच्या एक-दोन फेऱ्यांची कमाई बुडणार होती. तरी त्याने तो दिला, आणि वसाहतीत त्याचा नंबर एका घरातून दुसऱ्या घरात जातो तो यामुळेच.