कानाचं मशीन पेटीत ठेवू नका

शिबिरात मिळालेलं किंवा पुण्याहून विकत आणलेलं कानाचं मशीन कुठे आहे असं विचारलं, की जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांमध्ये पुष्कळदा एकच उत्तर मिळतं, "पेटीत ठेवलंय." का? तर "नुसती खरखर येते, डोकं दुखतं." अशा वेळी मशीन बिघडलेलं असतंच असं नाही. ते घातल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काय होतं, हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

चष्मा लावला की लगेच दिसतं. कानाचं तसं नाही. ऐकू येणं वर्षानुवर्षं हळूहळू कमी होत जातं आणि तेवढ्या काळात मेंदू भांड्यांचा, पंख्याचा, आपल्याच पावलांचा आवाज विसरून जातो. मशीन चालू केलं की हे सगळं एकदम अंगावर येतं. स्वतःचा आवाजही मडक्यात बोलल्यासारखा घुमतो. कोणता आवाज ऐकायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे मेंदू पुन्हा शिकतो. पण मशीन रोज कानात असेल तरच.

म्हणून पहिल्या आठवड्यात घरातच, शांत वेळी, एका माणसाशी बोलताना तास-दोन तास घाला. रोज थोडा वेळ वाढवा. मग शेजारचं किराणा दुकान, मग रेशनची रांग. आठवडी बाजार सगळ्यात शेवटी, कारण गोंगाटातून एकाचं बोलणं वेगळं काढणं सगळ्यात अवघड असतं. वयोमानाने कान गेला की आधी 'स', 'श', 'फ' असे बारीक आवाज जातात. भाजीवाली म्हणते साठ, आपल्याला ऐकू येतं आठ. मग भांडण! पिठाच्या गिरणीत मशीनचा आवाज कमी करा किंवा ते काढून डबीत ठेवा.

एकाच कानाला मशीन असेल तर आवाज कोणत्या बाजूने आला ते नीट कळत नाही. नारायणगाव किंवा मंचरला हायवे ओलांडताना कानावर विसंबू नका, दोन्हीकडे बघूनच पाऊल टाका. आणि आपल्याकडे उसाच्या कडेने ये-जा करणाऱ्यांनी तर मशीन घरी ठेवूच नये. बिबट्या पाऊल वाजवत येत नाही. इशारा मिळतो तो कुत्र्यांच्या भुंकण्यातून आणि माणसांच्या हाकांतून.

डोक्यावर पदर घेतला की मशीन शिट्टी मारतं, अशी बायकांची तक्रार असते. कापड किंवा हात मशीनच्या अगदी जवळ आला की तसं होतं. कानातला साचा सैल असेल किंवा मळ साठला असेल तरीही शिट्टी येते. मळ काढायला पिन घालू नका, कानात तेलही सोडू नका. कानामागचं मशीन असेल तर फोन कानाच्या भोकाशी नाही, थोडा वर, मशीनजवळ धरून बघा.

घोडेगावहून किंवा जुन्नरहून पुण्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, शिवाय सोबत एक माणूस. त्यामुळे दुसरी फेरी राहून जाते, आणि माझ्या मते सगळं नुकसान तिथेच होतं. डिजिटल मशीनचा आवाज सुरुवातीला पुष्कळदा मुद्दाम कमी ठेवतात आणि पुढच्या भेटीत तुमच्या सांगण्यावरून बदलतात. तेव्हा नातवाच्या वहीच्या पानावर रोजचं लिहून ठेवा: कुठे टोचलं, कुणाचं बोलणं कळलं नाही, कोणता आवाज सोसला नाही. "बरं चाललंय" एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस तरी काय बदलणार? शिबिरात मशीन मिळत असेल तर पुन्हा तपासणी कुठे आणि कधी, हे तिथेच विचारून घ्या.

पैशांबद्दल थोडं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, २ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या ज्येष्ठांना साहित्यासाठी एकदा ३,००० रुपये खात्यात मिळतात. त्यात श्रवणयंत्रही बसतं. पण तेवढ्यात चांगलं डिजिटल मशीन येणं कठीण. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर केंद्राच्या एडिप योजनेची चौकशी करा. रस्त्यावर मिळणारं नुसता आवाज मोठा करणारं यंत्र घेऊ नका, त्यात कान तपासून केलेली जुळणी नसते.

घरच्यांनाही एक सांगणं आहे. "मशीन आहे ना, मग ऐकू कसं येत नाही?" असं आईला किंवा सासऱ्यांना बोलू नका. मागून ओरडू नका. समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोला. ओरडल्याने शब्द उलट फाटतात.

पावसाळ्यात मशीन रात्री सेलचं दार उघडून, ओल शोषणाऱ्या पुडीसोबत घट्ट डबीत ठेवा. चुलीजवळ नको. सेलवरचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग सेल बसवा. जुना सेल लहान पोरांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर वाट न बघता थेट दवाखाना गाठा. आणि एखादा कान दोन-तीन दिवसांत अचानक बंद झाला, तर मशीनचा विचार नंतर, आधी कानाच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी जा.