दंडाच्या एका हाडावरून ओळखलेली घोरपड

हिंगोली जिल्ह्यात कयाधूच्या काठाने किंवा पैनगंगेच्या खोऱ्यातल्या शेतांतून फिरणाऱ्याला घोरपड नवी नाही. पावसाळ्यात ती बांधावरच्या बिळातून निघते, दुभंगलेली जीभ आतबाहेर करत वास घेते आणि चाहूल लागताच झुडपात शिरते. शेपटीसकट मोजली तर चांगली वाढलेली घोरपड फार तर पावणेदोन मीटर भरते. बहुतेक त्याहून बऱ्याच लहान असतात. तिची याच्या जवळजवळ दुप्पट लांबीची एक नातलग कधीकाळी भारतात होती. मात्र तिची हाडे सापडली ती मराठवाड्यात नव्हे, तर हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत.

१८३०च्या दशकात सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक ह्यू फाल्कनर आणि पुढे गंगा कालवा बांधणारे अभियंते प्रोबी कॉटली यांनी या टेकड्यांतून जीवाश्मांचे ढीगच्या ढीग गोळा केले. प्राचीन हत्ती, जिराफाच्या कुळातले शिवाथेरियम, अवाढव्य कासव अशी त्यांतली मंडळी. त्याच ढिगात दंडाच्या हाडाचे कोपराकडचे एक टोक होते. फाल्कनरने ते घोरपडीचे असल्याचे ओळखले आणि त्या प्राण्याला व्हॅरेनस सिव्हॅलेन्सिस हे नाव दिले. १८६५मध्ये तो वारला आणि त्याचे हे लेखन १८६८मध्ये, मृत्यूनंतर छापले गेले. हाड लंडनच्या संग्रहालयात आहे. पुढे काही मणक्यांची भर पडली. एवढ्यावरच ही प्रजाती उभी आहे.

एका हाडावरून प्राणी ओळखता येतो, कारण सांध्याचा आकार प्रत्येक कुळाचा आपला असतो. सुसरीचे कोपर आणि घोरपडीचे कोपर जाणकाराला एका नजरेत वेगळे दिसते. अवघड आहे ते लांबी सांगणे. जिवंत घोरपडीच्या हाडाशी तुलना करून साधे त्रैराशिक मांडले, तर उत्तर हमखास फुगते. लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट होते आणि ते पेलण्यासाठी पायांची हाडे लांबीच्या मानाने अधिक जाड होतात. जाड हाड पाहून आपण प्राणी आहे त्याहून लांब धरतो. शिवाय घोरपडीची निम्म्याहून अधिक लांबी शेपटीत असते आणि जीवाश्मांत अख्खी शेपटी क्वचितच मिळते.

ऑस्ट्रेलियातल्या मेगालेनियाबाबत हेच झाले. रिचर्ड ओवेन यांनी १८५९मध्ये नाव दिलेली ही आजवरची सर्वांत मोठी घोरपड. १९७५मध्ये तिची लांबी ७ मीटर सांगितली गेली. २००२च्या एका अभ्यासाने ती साडेतीन ते साडेचार मीटरांवर आणली. वाद अजून मिटलेला नाही, कारण तिचाही पूर्ण सांगाडा कोणाला मिळालेला नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांत मात्र कायम सात मीटरच असतात! २००९मध्ये मोठ्या घोरपडींचे जीवाश्म नव्याने तपासले गेले. त्यानुसार शिवालिकची घोरपड साधारण ३ मीटरची, म्हणजे इंडोनेशियातल्या आजच्या कोमोडो ड्रॅगनच्या तोडीची ठरते. तानाजींच्या यशवंतीची कथा खरी धरायची, तर दोराला लोंबकळणाऱ्या मावळ्याचे वजन पेलायला अशीच कोणीतरी हवी.

मग तिची हाडे हिंगोलीत का मिळत नाहीत? ती इथे राहत नव्हती, असे त्यावरून ठरत नाही. इथला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. तो या घोरपडीहून कितीतरी जुना आणि तापलेल्या लाव्हात हाड टिकतही नाही. मराठवाड्यात त्यानंतरचे प्राणी शोधायचे तर ते नद्यांनी आणून टाकलेल्या खडी-वाळूच्या जुन्या थरांतच. लातूरकडे मांजरा नदीच्या अशाच थरांत प्राचीन हत्ती आणि रानबैलांची हाडे सापडली आहेत. नेमकी हीच वाळू आज ट्रक भरभरून जाते. त्यात हाडाचा तुकडा असला तर तो गिलाव्याच्या चाळणीवर खडा म्हणून फेकला जातो.

अशी हाडे दगडासारखी जड लागतात, पण तुटलेल्या कडेवर आतली सच्छिद्र जाळी दिसते. कुणाला असा तुकडा दिसलाच, तर तो उचलण्याआधी जागेवरच फोटो काढावा, कारण कोणत्या थरात सापडला हे हाडाइतकेच मोलाचे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र शिकवले जाते आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अशा हाडांचा अभ्यास होतो. तिथे दाखवता येईल.

तुकडा लहान आहे म्हणून टाकून देण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियात रॉकहॅम्प्टनजवळच्या गुहेतली माती खणून चाळताना जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे, कातडीतले एक हाड मिळाले. २०१५मध्ये त्याचे वय जाहीर झाले: सुमारे ५०,००० वर्षे. तिथे माणूस पोचला तोही साधारण याच सुमारास. म्हणजे त्या पहिल्या माणसांची गाठ अजस्र घोरपडीशी पडली असावी.