किल्ली आपल्या हाती

आपल्या अनेक घरांतील तरुण मंडळी आज संगणकाचे प्रोग्राम लिहितात. सहकारी मात्र चार गावांत विखुरलेले. अशांनी आपले काम परक्यांच्या यंत्रावर न ठेवता स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावे, हा विचार आम्हांस स्वागतार्ह वाटतो. एक साधा संगणक, त्यावर लिनक्स आणि लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केलेली ‘गिट’ प्रणाली एवढ्यावर आरंभ होतो. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली, याची नोंद गिट ठेवते.

प्रश्न उरतो दुरून आत येण्याचा. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यातून परवलीचे शब्द चोरले गेले, तेव्हा तेथील तातू युलोनेन यांनी ‘एसएसएच’ रचली. तिच्यात किल्ल्यांची जोडी वापरता येते: जाहीर किल्ली सर्व्हरवर, खाजगी आपल्यापाशी. खाजगी किल्ली जाळ्यावरून जातच नाही. प्रत्येकाची जोडी वेगळी असावी, म्हणजे कोणी सोडून गेल्यास तेवढीच रद्द करता येते. परवलीच्या शब्दाने होणारा प्रवेश बंद करावा.

स्वतःचे घर म्हटले की राखणही स्वतःचीच. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या नामांकित सेवेचा माहितीसाठा चुकून पुसला गेला. नित्याच्या प्रती निघतच नव्हत्या, हे तेव्हा उमगले. सुमारे सहा तासांच्या नोंदी गेल्या. म्हणून रोजची प्रत अन्यत्र ठेवावी आणि ती उघडते ना, हे अधूनमधून पाहत जावे.