तारापूरचं इंधन, वॉशिंग्टनची नजर

बोईसरजवळच्या तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारल्या. 1969 मध्ये त्यांची वीज महाराष्ट्र-गुजरातला मिळू लागली. 1963च्या करारानुसार इंधनही अमेरिकाच देणार होती. पण 1974 मध्ये पोखरणला अणुचाचणी झाली आणि भारताकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं.

जानेवारी 1978 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर दिल्लीत आले. अमेरिकेला सगळ्या अणुकेंद्रांची तपासणी हवी होती, पंतप्रधान मोरारजी देसाई त्याला तयार नव्हते. परतल्यावर देसाईंना थंड, रोखठोक पत्र लिहू, असं कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना हळूच म्हणाले. मायक्रोफोन चालू होता, ते शब्द जगभर गेले. याच दौऱ्यानंतर हरियाणातल्या दौलतपूर नसीराबादने मात्र पाहुण्याच्या प्रेमाखातर गावाचं नाव ‘कार्टरपुरी’ केलं!

पुढे 1980 मध्ये तारापूरच्या इंधनाचा प्रश्न अमेरिकी सिनेटमध्ये मताला आला. पुरवठ्याच्या बाजूने 48, विरोधात 46. अवघ्या दोन मतांचं अंतर. 1982 मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी आणि अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या भेटीनंतर अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यायचं ठरलं. नेत्यावरचा अविश्वास असा विजेची वाट पाहणाऱ्या सामान्य माणसांपर्यंत पोचतो, हे मला अन्यायाचं वाटतं.