बाजेवरचा आजारी आणि त्याला आणणारे चौघे

पावसाळ्यात गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीकडचे नाले फुगले, की आजाऱ्याला खाटेवर घालून गावकरी दवाखान्याची वाट धरतात. मार्काच्या शुभवर्तमानात असेच एक दृश्य आहे. कफर्णहूमात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवरून आणतात, गर्दीमुळे आत शिरता येईना म्हणून छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. येशूने पाहिला तो या आणणाऱ्यांचा विश्वास, असे मार्क सांगतो. बाजेवरच्या माणसाने तोंडातून शब्द काढल्याचाही उल्लेख नाही. आजारपणातल्या ख्रिस्ती प्रार्थनेचा विचार करताना मला ही गोष्ट कळीची वाटते. कारण प्रार्थनेनंतरही गुण आला नाही, की ‘तुझाच विश्वास कमी पडला’ असे आजाऱ्याच्या उशाशी बसून सहज म्हटले जाते. असे बोलणे क्रूर तर आहेच, शिवाय ते ख्रिस्ती शिकवणीलाही धरून नाही.

विश्वास म्हणजे मनाचा जोर, तो वाढवला की देवाला गुण द्यावाच लागतो, ही समजूत बायबलमध्येच टिकत नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, तो सोसायचे बळ तेवढे मिळाले. त्रफिमाला त्याने मिलेतात आजारीच मागे ठेवले, तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, आणि त्याचा सोबती लूक तर वैद्यच होता. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवायचे आहे. तेल लावून विश्वासाने प्रार्थना करण्याची जबाबदारी त्या वडिलांची. देवावर अवलंबून राहणे म्हणजे मनापासून मागायचे, पण निकाल आपल्या हाती नाही हे मान्य करून मागायचे. महाराष्ट्राने हे पंडिता रमाबाईंच्या रूपाने पाहिले आहे. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली प्रार्थनेचे मोठे जागरण झाले. पण त्याआधी, 1897च्या प्लेगात, पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांचे होणारे हाल त्यांनी जाहीर पत्र लिहून उघड केले होते. प्रार्थना करतो म्हणून दवाखान्याच्या कारभाराकडे डोळेझाक करावी, असे त्यांना वाटले नाही. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, पुढच्या वर्षी त्या स्वतः. रमाबाईंचा विश्वास तोकडा होता, असे म्हणायला कोण धजेल?

यावर नासरेथचा दाखला दिला जातो: तिथल्या अविश्वासामुळे येशूला फारसे चमत्कार करता आले नाहीत. पण तो अविश्वास गावकऱ्यांचा होता, आणि तिथेही काही आजारी बरे झालेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निकालाची हमी नसेल तर प्रार्थना हवी कशाला? हमी नाही, हे तर खरेच. अमेरिकेत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या 1,802 रुग्णांचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेचा लाभ त्यात दिसला नाही. आपल्यासाठी प्रार्थना होणार हे ठाऊक असलेल्यांत तर गुंतागुंत 59 टक्के निघाली, बाकीच्या दोन गटांत ती 51-52 टक्के होती. प्रार्थना औषधासारखी मात्रेत लागू पडते, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांचा दावा इथे कोसळतो, आणि तो कोसळावाच. जंगलपट्ट्यात तो जिवावर बेततो. फॅल्सिपॅरम हिवताप मेंदूत गेला तर फार थांबत नाही. साप चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, मग मंत्र कोणत्याही धर्माचा असो.

देवावर भिस्त ठेवणाऱ्याला मात्र दवाखान्याची अडचण होत नाही. ब्रह्मपुरीचे ख्रिस्तानंद रुग्णालय ख्रिस्ती मंडळींनीच उभे केले. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या दवाखान्याला आदिवासींच्या माँ दंतेश्वरीचे नाव आहे, देवीचे नाव आणि सलाइन तिथे एकाच छपराखाली नांदतात. सिकलसेलचा आजार तर जन्मापासून रक्तातच असतो. वेदनेच्या झटक्याने तळमळणाऱ्या मुलीला तिचा विश्वास किती, हे विचारायचे नसते. तिच्यासाठी गुडघे टेकणाऱ्यांनी तिला पाणी पाजायचे, 108 ला फोन लावायचा, आणि गाडी नाल्यापलीकडेच अडली, तर खाटेला खांदा द्यायचा.