विखुरलेल्या तारखा एका दिनदर्शिकेत

शाळेच्या तारखा गूगलच्या दिनदर्शिकेत, प्रशिक्षणाच्या दुसरीकडे, अशी शिक्षकाची स्थिती अनेकदा असते. थंडरबर्डसारख्या संगणकीय दिनदर्शिकेत त्या एकत्र आणता येतात; कारण १९९८ साली प्रथम ठरलेली ‘आयकॅलेंडर’ ही नोंदपद्धती बहुतेक सेवा पाळतात.

मार्ग तीन आहेत. फाइल आयात केल्यास केवळ नक्कल उतरते. मूळ तारीख बदलली तरी नक्कल जुनीच राहते व परीक्षेचा दिवस चुकण्याचा संभव असतो. मासिकाचे वर्गणीदार व्हावे, तसा दिनदर्शिकेचा दुवा जोडल्यास बदल काही वेळाने आपोआप येतात. मात्र तीत लिहिता येत नाही. खाते जोडल्यास परवानगीनुसार लिहिताही येते. सबब बदलत्या तारखांसाठी आयातीवर विसंबू नये. खासगी दुवा इतरांस देऊ नये; तो ज्याच्या हाती पडेल, त्यास सर्व नोंदी दिसतात.