स्कूबा रेग्युलेटरची सर्व्हिसिंग: पेटीत काय हवं आणि काय नको

पावसाळा आला की मालवण-तारकर्लीकडचं डायव्हिंग बंद होतं आणि रेग्युलेटर बॅगेत पडून राहतो. स्वतःचा रेग्युलेटर असलेल्या प्रत्येकाच्या मनात तेव्हा एक प्रश्न येतो: याची सर्व्हिसिंग घरी करता येईल का? सामान काय लागेल?

मलाही हा प्रश्न पडला होता. मी व्यावसायिक टेक्निशियन नाही. शिकण्यासाठी एक जुना सेकंडहँड रेग्युलेटर घेतला आणि त्यावर हात बसवला. तो रेग्युलेटर मी कायमचा घालवलासुद्धा. कसा, ते पुढे सांगतो. आज पेटीत काय असावं, प्रत्येक वस्तू कशासाठी, आणि कुठे थांबायचं, एवढं बघू.

रेग्युलेटर नेमकं काय करतो?

भरलेल्या टाकीत साधारण २०० बार दाब असतो. कारच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास असतो, म्हणजे हा त्याच्या जवळजवळ नव्वद पट. एवढ्या दाबाची हवा थेट तोंडात घेता येत नाही, म्हणून तो दोन टप्प्यांत उतरवतात.

टाकीवर बसतो तो फर्स्ट स्टेज. तो दाब भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त, इथपर्यंत खाली आणतो. या मधल्या दाबाला टेक्निशियन 'आयपी' म्हणतात. तोंडात धरतो तो सेकंड स्टेज. आपण श्वास ओढला की त्यातला रबरी पडदा आत खेचला जातो, पडदा एक दांडी दाबतो, दांडी व्हॉल्व्ह उघडते आणि भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने हवा मिळते.

घरच्या गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर याच कुळातला. १९४२-४३ मध्ये एमिल गान्याँ आणि जाक-इव्ह कुस्तो यांनी ॲक्वा-लंग तयार केला, तेव्हा गान्याँ युद्धकाळात मोटारी गॅसवर चालवण्यासाठीच्या व्हॉल्व्हवर काम करत होते. तोच व्हॉल्व्ह बदलून पाण्याखाली नेला गेला.

पहिली खरेदी: गेज

नवखा माणूस आधी पाने आणि स्क्रूड्रायव्हर घेतो. मीही तेच केलं. खरं तर आधी घ्यायला हवं ते आयपी गेज. ० ते २० बारचा छोटा गेज, मागे जॅकेटच्या इन्फ्लेटर होजला 'टक्' करून बसणारा कनेक्टर. झालं. काहीही न उघडता रेग्युलेटरची तब्येत यावर कळते.

गेज जोडा, टाकी हळूहळू उघडा, सेकंड स्टेजचं पर्ज बटन दोन-चारदा दाबा. काटा खाली जाऊन लगेच वर यायला हवा आणि कंपनीने दिलेल्या आकड्यावर, समजा ९.५ बारवर, ठाम उभा राहायला हवा. पाच मिनिटं बघत बसा. काटा मुंगीच्या पावलांनी वर सरकत असेल तर त्याला 'क्रीप' म्हणतात. फर्स्ट स्टेजमधलं हाय प्रेशर सीट झिजलंय, किंवा ज्या धातूच्या कडेवर ते बसतं तिथे चरा किंवा कचरा आहे, असा त्याचा अर्थ. आज थोडा सरकणारा काटा उद्या सेकंड स्टेजमधून हवा सतत वाहण्याचं कारण होतो.

इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. हा गेज हाय प्रेशर पोर्टला कधीही लावायचा नाही. तिथे पूर्ण २०० बार असतात, गेज फुटेल. आणि सेकंड स्टेज काढून नुसत्या फर्स्ट स्टेजला गेज लावून टाकी उघडायची नाही. फर्स्ट स्टेज बिघडला तर वाढलेला दाब सेकंड स्टेजमधून आपोआप बाहेर पडतो. तोच तुमचा सेफ्टी व्हॉल्व्ह.

उघडण्याची हत्यारं

माझी चूक इथे झाली. फर्स्ट स्टेजच्या आतली ओ-रिंग निघेना, म्हणून मी घरातलं दाभण घेतलं आणि उचकटली. रिंग निघाली. सगळं जोडून पाण्यात धरलं तर बारीक बुडबुडे. नवी रिंग घातली, तरी बुडबुडे. शेवटी दहा पटीच्या भिंगातून पाहिलं, तर रिंग बसते त्या खाचेत केसासारखा चरा होता. दाभण पोलादाचं, बॉडी पितळेची. रिंग काही रुपयांची, पण ती जिथे बसते ती जागा बदलता येत नाही. बॉडी भंगारात गेली.

म्हणून ही यादी:

• ओ-रिंग पिक: पितळेची किंवा कडक प्लास्टिकची, टोक गोलसर. पोलादाची नको. बाहेरच्या बाजूची रिंग असेल तर दोन बोटांनी चिमटीत दाबून फुगवटा आणला की बऱ्याचदा हातानेच निघते.
• हुक किंवा पिन पाना: फर्स्ट स्टेजच्या झाकणावर छिद्रं किंवा खाचा असतात, त्यात बसणारा. मॉडेलप्रमाणे वेगळा असतो. पकड लावून फिरवायचं नाही.
• पोर्टमध्ये आट्याने बसणारं हँडल: व्हाइसमध्ये हे हँडल पकडायचं, रेग्युलेटरची बॉडी नाही.
• ॲलन की आणि योग्य मापाचे पाने: ॲडजस्टेबल पाना घसरतो आणि नटाच्या कडा गोल करतो.
• छोटा टॉर्क रेंच: होज आणि प्लग साधारण ४ ते ५ न्यूटन-मीटरलाच कसतात. बाकीचे आकडे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यायचे. 'हाताला घट्ट लागलं' हे माप नाही.
• भिंग आणि चांगला टॉर्च: सीट आणि त्याखालची कड तपासायला. बिघाडाचं निम्मं निदान इथेच होतं.

ओ-रिंग आणि सर्व्हिस किट

आपण ज्याला 'वायसर गेला' म्हणतो, तेच इथे डझनभर ठिकाणी होऊ शकतं. ओ-रिंगना एएस५६८ या मापपद्धतीचे क्रमांक असतात. प्रचलित पोर्टमध्ये लो प्रेशर होजला ०११, हाय प्रेशर होजला ०१२, प्रेशर गेजच्या फिरत्या जोडाला ००३ आणि योक पद्धतीच्या टाकीच्या तोंडाला ०१४. या चार मापांच्या रिंगा जवळ असल्या तर किनाऱ्यावरची अर्धी रडगाणी थांबतात.

हार्डवेअरच्या दुकानातली रिंग मापाला जुळते, पण तिचा कडकपणा आणि रबराची जात कळत नाही. साध्या हवेसाठी नायट्राइल चालतं. ऑक्सिजन जास्त असेल तिथे ईपीडीएम किंवा व्हायटॉन वापरतात.

सीट, फिल्टर आणि आतल्या खास रिंगा मात्र त्या मॉडेलच्या किटमधल्याच घ्यायच्या. खरी अडचण इथे येते. अनेक उत्पादक किट फक्त अधिकृत डीलरला देतात. किट आणि मॅन्युअल हातात नसेल तर फर्स्ट स्टेज उघडूच नका. जुनं सीट काढून परत तेच बसवलं, तर त्याच्यावर पडलेला वर्तुळाकार ठसा जुन्या जागी बसेलच असं नाही.

ग्रीस: चुकीला माफी नाही

सायकलला पंप मारताना पंपाचं टोक गरम होतं. हवा झटकन दाबली की तापते. टाकी उघडताना फर्स्ट स्टेजमध्ये हेच घडतं, आणि हवेत ऑक्सिजन जास्त असेल तर तिथलं तेलकट काहीही पेट घेऊ शकतं. म्हणून पेट्रोलियम जेली, शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, गंज सोडवणारा स्प्रे, यातलं काहीही नाही.

वापरायचं ते पीएफपीई जातीचं ग्रीस. क्रायटॉक्स किंवा क्रिस्टो-ल्यूब एमसीजी १११ ही नावं दिसतील. महाग असतं, पण लागतं अगदी थोडं. रिंग नुसती चमकली पाहिजे, ग्रीसचा गोळा दिसता कामा नये. ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन वापरणार असाल तर नुसतं ग्रीस बदलून भागत नाही. सगळी उपकरणं ऑक्सिजनसाठी वेगळ्या पद्धतीने स्वच्छ करावी लागतात, आणि ते काम घरचं नाही.

साफसफाई

आत मीठ आणि पितळेवर हिरवा थर दिसतो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून क्रोम केलेले पितळी भाग पाच-दहा मिनिटं बुडवायचे, मऊ नायलॉन ब्रशने घासायचे आणि गोड्या पाण्याने भरपूर धुवायचे. छोटा अल्ट्रासॉनिक क्लीनर असेल तर कोपऱ्यातलंही निघतं. जास्त वेळ ठेवलं तर आम्ल पितळ खातं आणि ते गुलाबी पडतं. ॲल्युमिनियमचे भाग आम्लात घालायचेच नाहीत. वाळवताना टायरच्या दुकानातली हवा मारू नका, त्यात कंप्रेसरचं तेल असतं.

जोडल्यानंतरच्या परीक्षा

१. टाकीला न लावता, फर्स्ट स्टेजचं झाकण बंद ठेवून तोंडाने श्वास ओढा. हवा येता कामा नये. आली तर पडदा किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय.
२. आयपी गेजवर काटा ठाम हवा.
३. टाकी उघडी ठेवून, सेकंड स्टेज माउथपीस वर करून पाण्याच्या भांड्यात सावकाश खाली न्या. पडद्यावर साधारण अडीच ते चार सेंटिमीटर पाणी चढलं की हवा सुटायला हवी. आधीच सुटली तर फार हलका, उशिरा सुटली तर श्वास जड.
४. शेवटी पूर्ण सेट पाण्यात बुडवून बुडबुडे शोधा.

मग घरी करावं का?

या चार परीक्षा प्रत्येकाने कराव्यात, त्यातही पहिल्या तीन दर ट्रिपआधी. होजच्या रिंगा आणि माउथपीस बदलणं जमण्यासारखं आहे. फर्स्ट स्टेज उघडणं मात्र प्रशिक्षण, मॅन्युअल आणि किट तिन्ही असतील तरच. बहुतेक कंपन्या वर्षातून एकदा किंवा १०० डाइव्हनंतर सर्व्हिस सांगतात, काही दोन वर्षं देतात. तिथे चालढकल नको.

मी अजून दुसऱ्या कुणाचा रेग्युलेटर उघडत नाही. मित्र म्हणतात, 'तुला येतं ना, मग करून दे.' मी त्यांना गेज देतो आणि काटा कसा वाचायचा ते शिकवतो. आणि माझा रेग्युलेटर सर्व्हिसिंगहून परत आला की, टेक्निशियन कितीही ओळखीचा असो, तोच गेज आधी लावतो. पाच मिनिटं काटा हलला नाही तरच तो रेग्युलेटर माझ्या बॅगेत जातो, आणि पहिली डाइव्ह उथळ पाण्यातच होते.